खरवडलेले पाइप

नरहरराव दार उघडण्याआधी दोनदा विचारत, "कोण?" पहिल्यांदा नावासाठी. दुसऱ्यांदा, तोच आवाज तेच नाव सांगतो का ते बघण्यासाठी. बातमी आधी कन्नड पेपरात वाचत, मग तीच मराठी पेपरात. दोन्हींत फरक निघाला की खूश होत. साबणाच्या नव्या वडीवर टाचणीनं तारीख कोरत. किराण्याची पुडी सोडताना दोऱ्याची गाठ निरखत आणि दुकानात आज मालक होता की त्याचा भाऊ, ते गाठीवरून सांगत. फोन उभ्यानंच घेत. कुणी तब्येतीची चौकशी केली तर आधी म्हणत, "कामून विचारायलाव?" आणि कसला विचार करायचा असला की रिकामा पाइप दातांत धरून झोपाळ्यावर बसत.

पाइप रिकामाच असे. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून त्या घरात तंबाखू येणं बंद झालं होतं.

शिवराजनं हे सगळं पाहिलं होतं. तो संतपूरचा, शेतकऱ्याच्या घरातला. मराठी घेऊन एम. ए. झाला आणि हुलसूरच्या एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागला. गावात भाड्याची खोली होती, बोलायला माणूस नव्हतं. मराठी पुस्तकं कुणाकडे मिळतील म्हणून चौकशी करत तो एका रविवारी नरहररावांच्या दारात आला. दोनदा "कोण" ऐकलं, दोनदा नाव सांगितलं. त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला.

पुस्तकं खरं तर त्यांच्या पत्नीची, शारदाबाईंची होती. त्या मुलींच्या शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. नोकरीत असताना त्या रस्त्यात पोरांचे खिसे तपासत. तंबाखूची पुडी सापडली की ती त्या पोराच्याच हातानं गटारात टाकायला लावत. ती पोरं आता बाप झाली होती. तरी बाई बंडेप्पाच्या पानपट्टीवरून जायला लागल्या की हात पाठीमागे जात आणि तोंडं बंद होत.

"घरातली चिमणी मात्र यांना विझवता आली नाही," नरहरराव म्हणत.

"विझली की," बाई आतून म्हणत. "डॉक्टरानं विझवली. माझं ऐकलं असतं तर एवढ्या लांब जावं लागलं नसतं."

नरहररावांनी जन्म मोजणी खात्यात काढला होता. औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण. साखळी, झेंडे आणि एकमेकांचा गळा धरायला निघालेले भाऊ. पाइपही त्या नोकरीतच लागला.

"बांधावर गेलं की जो तो बिडी पुढं करतो," त्यांनी शिवराजला सांगितलं होतं. "बिडी घेतली की त्याचा चेहरा बदलतो. त्याला वाटतं, सर्व्हेअर आपला झाला. नाही घेतली तर वाटतं, हा समोरच्याचा. मग मी हैदराबादला आबिड्सच्या रविवारच्या बाजारातून हा पाइप आणला. पाइपवाल्याला बिडी कोण देणार? दोघंही लांब उभे राहायला लागले."

"म्हणजे लाच नको म्हणून तंबाखू?"

"हौ. आणि लाच घेतली असती तर काळीज तरी शाबूत राहिलं असतं, असं तुझ्या बाईंचं म्हणणं."

एका पाइपाचे पुढं पुष्कळ झाले. किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आकडा कळला की माणूस एखादा उचलायचा हिशेब करतो, असं त्यांचं मत होतं. पाइप भिंतीतल्या कपाटात असत. या दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं की टिकाऊ तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे.

"अण्णा, ओढायचेच न्हाईत तर टिकाऊ कशाला पायजेत?" शिवराजनं विचारलं.

"ओढत होतो तेव्हा मोडला तरी चालत होतं. दुसरा आणत होतो. आता मोडला तर दुसरा कुठला आणू? बाई घरात घेतील का?"

मग दर रविवारी वर्तमानपत्र पसरून दोघं बसू लागले. नरहरराव एकेक पाइप शिवराजच्या हातात देत. वजन बघ म्हणत, नख मारून बघ म्हणत. हा मक्याच्या कणसाचा, अमेरिकेकडचा. हलका, गोड, पण दोन पावसाळ्यांचा धनी. हा पांढऱ्या मऊ दगडाचा, ओढून ओढून मधाच्या रंगाचा झालेला. देखणा, पण हातातून सुटला की खडूसारखा तुटणार. हा बाभळीचा. बिदरच्या लिंगराज सुताराकडून करून घेतलेला. बाभळीचा गाडीचा आख होतो म्हणून त्यांना वाटलं होतं, पाइपही होईल. पहिल्याच दिवशी चिरला, वर तोंड कडू करून गेला. हा पितळेचा. तो जन्मात मोडणार नाही आणि जन्मात ओढताही येणार नाही, हात भाजतो. आणि हे ब्रायर. भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. आगीला दाद देत नाही. खरा टिकाऊ माल हाच.

नळ्यांचंही तसंच. काळ्या रबराच्या नळीला उजेड लागला की ती हिरवट पडते. प्लास्टिकची चकाकत राहते, पण दाताखाली ठरत नाही.

"आणि हे आत बघ," त्यांनी ब्रायरची वाटी उजेडात धरली. आत काळा थर होता. दुधाच्या पातेल्याला खाली लागतो तसा. "ही खरपुडी. तंबाखू जळून जळून धरलेली. ही लाकडाचं चिलखत आहे. ही खरवडली की विस्तव थेट लाकडाला भिडतो. हिला हात लावायचा नाही. लावलास तर तुझा हात तोडीन."

नापसंत झालेले पाइप ते शिवराजला देत. शिवराज पाइप ओढत नव्हता. खोलीच्या खिडकीत ते त्यानं ओळीनं मांडून ठेवले होते. परगावच्या खोलीत आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

पुढच्या एका रविवारी नरहररावांनी निवडून ठेवलेला ब्रायर उचलला आणि बोट आत घातलं. बोट तसंच राहिलं. मग त्यांनी तो खिडकीपाशी नेला. खरपुडी गेली होती. लाकडावर सुरीचे ओरखडे होते, ताजे, पिवळे.

"तू खरवडलास?"

"न्हाई, अण्णा."

त्यांनी पाइप नापसंत बाजूला ठेवला. शिवराजकडे मात्र त्या दिवशी दिला नाही.

त्यानंतर दुसरा गेला. मग तिसरा. दर वेळी निवडलेल्यांतलाच. नुसता देखणा म्हणून ठेवून घेतलेला पांढरा दगडी पाइपही सुटला नाही. त्याच्या वाटीत तर सुरी रुतून खळगा पडला होता. नरहररावांनी कपाटाला कुलूप घातलं नाही. कुलूप घातलं की चोर सावध होतो. त्यांनी कपाटाच्या फटीत दोऱ्याचा तुकडा अडकवला. दोरा पडलेला सापडायचा, पण कधी पडला ते कळायचं नाही. घरात येणारी माणसं मोजकी. भांडीवाली गुरुबाई स्वयंपाकघर ओलांडून पुढं येत नसे. राहता राहिला शिवराज.

शिवराजला ते जाणवायला लागलं. आधी चहा त्याच्यासमोर ठेवून नरहरराव आत जात असत, आता आत जाईनात. तो पुस्तक बदलायला उठला की झोपाळ्याची करकर थांबायची. परत येऊन बसला की ते त्याच्या हातांकडे बघायचे. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "नखं कापलीस का रे?"

आणि एके दिवशी दोघं पाइप पुसत असताना ते म्हणाले, "शिवराज, मोजणीच्या आधी खुणेचा दगड कोण हलवतो, माहीत आहे?"

"कोण?"

"ज्याला ते शेत पायजे असतंय, तो."

शिवराजच्या हातातला फडका थांबला. सरळ होतं. पाइप खराब झाला की नापसंत होणार. नापसंत झाला की शिवराजकडे जाणार. चांगला पाइप मिळवायचा तर आधी तो बिघडवायचा. मोजणी खात्याचं डोकं होतं. त्यात सगळं चपखल बसत होतं. नव्हतं बसत ते एकच. शिवराजनं ते केलं नव्हतं.

त्याला वाटलं, उठून निघून जावं. मग वाटलं, आत्ता उठलो तर मीच केलं असं होईल. तो बसून राहिला. बसून राहिला, याचाही त्यांनी काही अर्थ लावला असणार.

खोलीवर आल्यावर त्यानं खिडकीतले पाइप उतरवून पिशवीत भरले. परत नेऊन द्यावेत. पण परत दिले तर म्हणतील, भ्याला. पिशवी दाराशी पडून राहिली. आठवडाभर वर्गात शिकवताना तो मध्येच आपल्या बोटांकडे बघू लागला. कॉलेजात कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं. हुलसुरात त्याला एकच घर होतं, आणि त्या घरात तो चोर ठरत होता.

पुढच्या रविवारी दार एकाच "कोण"ला उघडलं. नरहरराव वाट बघत होते.

"हात दाखव."

"काय, अण्णा?"

"हात. दोन्ही. उलटे कर."

शिवराजनं हात पुढं केले. नरहररावांनी ते धरून खिडकीकडे ओढले. बोटांची पेरं दाबली, नखांच्या कडा बघितल्या. ओढून दाखवावा तसा एक पाइप त्याच्या नाकासमोर धरला. वाटी पुन्हा खरवडलेली होती.

"परवाच्या दिवशी यात मी नीळ भरली होती. कपड्याची. खरपुडीवर पसरून दाबून. कोरडी असली की काळ्यात काळी. ओल्या हाताला लागली की घासून जात नाही." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "काल दुपारी मी पेन्शनच्या कामाला बाहेर होतो. तू आला होतास. पुस्तक द्यायला."

"आलो होतो. बाईंच्या हातात दिलं आणि गेलो. विचारा बाईंना."

"शारदा!" त्यांनी हाक मारली.

बाई चहा घेऊन आल्या. एका हातात ट्रे होता, दुसऱ्या हातानं पदर तोंडावर धरला होता.

"दाढ दुखायली," पदराआडून त्या म्हणाल्या.

"हा काल आत आला होता का?"

"न्हाई. दारातूनच गेला."

"तू पूर्ण वेळ इथंच होतीस?"

"मी काय पहारेकरी आहे का?" बाई ट्रे ठेवायला वाकल्या. ट्रे दोन्ही हातांनी ठेवावा लागला. पदर सुटला.

नरहररावांची नजर शिवराजच्या बोटांवर होती. शिवराजची नजर वर गेली. बाईंचे ओठ आतून निळे होते. हिरड्या निळ्या होत्या. दातांच्या फटींत निळी रेघ होती.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं. हेडबाईंच्या डोळ्यांत त्यानं तसं कधी काही बघितलं नव्हतं. रस्त्यात खिसा तपासताना पोरं कशी बघत असतील, ते त्याला त्या क्षणी कळलं.

बाईंनी पदर परत तोंडावर घेतला आणि त्या आत गेल्या.

"बोल," नरहरराव म्हणाले.

शिवराजला सगळं एकदम दिसलं. संतपूरला त्याची आजी तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटून मिश्री करायची आणि ती दातांना लावल्याशिवाय सकाळी तोंडातून शब्द काढायची नाही. तंबाखू भाजल्याचा वास चार घरं जातो. पण ज्या घरात सकाळ-संध्याकाळ पाइप पेटतो, तिथं तो वास वेगळा कुणाला येणार? जन्मभर बाईंना चिमूटभर तंबाखू घरातच मिळत होती. डॉक्टरांनी ती बंद केली. बंडेप्पाकडे जाऊन मिश्री मागायची तर गावानं काय म्हणायचं? उरली होती पाइपांतली खरपुडी.

"बोल की. धुतलेस कशानं? लिंबानं?"

बोललं तर त्याचं घर राहणार होतं. बाईंचं राहणार नव्हतं.

"मी खरवडलं न्हाई, अण्णा," एवढंच तो म्हणाला.

"मग कुणी?"

त्यानं आतल्या दाराकडे नजर जाऊ दिली नाही.

नरहररावांनी त्याचे हात सोडले. "पुढच्या रविवारी येऊ नकोस."

तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही. गुरुवारी कॉलेजातून परतताना बंडेप्पानं पानपट्टीवरून हाक मारली.

"काय हो सर, ऐकलं का? तुमच्या नरहररावांचं परत सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"धूर हो, धूर! सोमवारी स्वतः आले. पाव किलो काळी तंबाखू. चांगली, देठाची नको म्हणले. मी म्हणलं, अण्णा, हैदराबादची भारीतली सोडून ही? तर म्हणे, तुला विकायची आहे का चौकशी करायची आहे?" बंडेप्पा हसला. "बाईंना कळू द्या, आता म्हातारा गटारात जातोय!"

पानपट्टीवरचे सगळे हसले. शिवराज हसला नाही. नरहररावांवर त्याचा राग होता, तरी त्याच्या मनात आधी तेच आलं. स्टेंट बसवलेला माणूस.

खोलीवर पोचला तोच फोन वाजला.

"न्हाणीतल्या दगडावर निळं पडलंय," नरहरराव म्हणाले. नाव नाही, गाव नाही. "तोंड खळखळून थुंकल्यावर पडतं तसं. उशीच्या अभ्र्यालाही आहे. तू आमच्या न्हाणीत कधी गेला नाहीस."

"न्हाई."

"तुला त्या दिवशी दिसलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला कामून नाहीस?"

"बाईंचं नाव घेऊ का, अण्णा?"

पलीकडे ते उभे असणार, हे शिवराजला माहीत होतं.

"शेताशेतांचे चोर धरले मी," ते म्हणाले. "आणि घरात... एवढी वर्षं! वास सुद्धा येऊ दिला नाही बाईनं. कमाल आहे." त्यात राग होता का कौतुक, ते शिवराजला नीट कळलं नाही. "तिला कळू द्यायचं नाही. मला कळलंय, हे."

"बंडेप्पा म्हणायला, तुम्ही परत ओढायलाव."

"म्हणू दे. श्रीवत्सचाही फोन आला होता बंगळूरहून. कुणीतरी लावून दिलं. बाप-लेकाचं बोलणं बंद आहे सध्या. बाईही रोज माझे खिसे हुंगायली." ते थोडं हसल्यासारखे झाले. "मी तंबाखू आणली तर लोक म्हणतील, म्हातारा सुधारत नाही. तिनं आणली तर काय म्हणतील, सांग. मी भाजतो, मी कुटतो. करून पाइपाच्या वाटीत भरून ठेवतो. खरपुडीसारखी दाबून. तिला वाटेल, पाइपातलीच आहे. घेईल बापडी."

"अण्णा, डॉक्टर बाईंनाही नको म्हणतील."

"म्हणतील. सोडवू तिला. हळूहळू. वाटीत रोज थोडी कमी भरायची. पण एकदम तोडली तर काय होतं, ते मी भोगलंय. तिनं ते एकटीनं, गुपचूप भोगायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "आता सांग. वाटी कशाची घ्यावी? ब्रायरला सुरी लागते. दगडाचा तिनं खळगा केलाय. रोज सुरी खाऊन टिकेल असं काय?"

"मातीचा चिलमीसारखा?"

"एम. ए. झालास ना तू? सुरी लागली की माती उतरेल तिच्या तोंडात."

"मग रविवारी बघू."

"तेच म्हणतोय. रविवारी ये." थोडं थांबून ते म्हणाले, "खलबत्ता जड आहे. मला होत नाही."

त्यांनी माफी मागितली असती तर शिवराजला इतकं बरं वाटलं नसतं. त्यानं दाराशी पडलेली पिशवी उचलली आणि पाइप परत खिडकीत मांडले.

रविवारी तो नेहमीच्या वेळेला निघाला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला चपला दिसल्या, दारापासून रस्त्यापर्यंत. बंडेप्पा भिंतीला टेकून उभा होता. तोंडात पान नव्हतं.

"काल संध्याकाळी, सर," तो म्हणाला. "बाई भजनाला गेल्या होत्या. परसात पडले. गुलबर्ग्याला नेताना वाटेतच गेले. लोक म्हणायलेत, ओढत होते म्हणून." त्यानं खाली बघितलं. "मीच दिली होती हो."

"ते ओढत नव्हते," शिवराज म्हणाला.

"मग?"

शिवराजनं चपला काढल्या. बंडेप्पा त्याच्याकडे बघत राहिला, हा काहीतरी लपवतोय अशा नजरेनं.

आत बायका बसल्या होत्या. श्रीवत्स पहाटे पोचला होता आणि कुणाशी बोलत नव्हता. बाईंनी शिवराजला बघितलं आणि त्या उठून परसाकडे गेल्या. त्यानं मागं जावं, असं त्यात होतं. तो गेला.

परसात पाण्याच्या टाकीआड तीन विटांची चूल होती. तिच्यात राख होती. बाजूला पाट मांडलेला होता.

"हे कालपासून असंच आहे," बाई म्हणाल्या. "गुरुबाईला हात लावू दिला नाही मी." त्यांचा आवाज शाळेतला होता, पण खालचा. "तुला फोन केला होता त्यांनी. मी ऐकलं, कुणाशीतरी बोलत होते. काय करायला घेतलं होतं रे यांनी?"

शिवराजनं त्यांच्याकडे बघितलं. तंबाखू भाजल्याचा वास अजून तिथं होता. तो वास बाईंना कळत नव्हता, असं होणं शक्य नव्हतं. तरी त्या विचारत होत्या.

"मला काही बोलले न्हाईत, बाई."

बाईंनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, ते त्यानं बघितलं नाही.

तव्यावर तंबाखूची पानं होती. एका बाजूची काळी झाली होती, दुसऱ्या बाजूची नुसती तपकिरी. खलबत्त्यात थोडी कुटलेली होती, अजून भरड. बत्ता आतच उभा होता.